धुराचा हिशेब : युरोपचा कार्बन आकार आणि आपले कारखाने

पुणे, कोल्हापूर आणि छत्रपती संभाजीनगर परिसरातील औद्योगिक वसाहतींत पोलादाचे सुटे भाग तयार करून युरोपात पाठवणारे अनेक कारखाने आहेत. त्यांच्या मालकांना गेल्या दोन-तीन वर्षांत परदेशी ग्राहक एक नवा प्रश्न विचारू लागले आहेत. दर्जा, दर आणि माल पोहोचण्याची तारीख हे नेहमीचे विषय आटोपले की ग्राहक एक्सेलमधला एक लांबलचक तक्ता पाठवतो आणि हा माल तयार होताना किती कार्बन डायऑक्साइड हवेत गेला, ते भरून मागतो. भट्टीत कोणते इंधन जळले, किती जळले, कच्चे पोलाद कोणाकडून घेतले आणि त्याने ते कोणत्या पद्धतीने तयार केले, असे रकाने त्यात असतात. बहुतेक लहान कारखान्यांत ही माहिती एका जागी लिहून ठेवलेली नसते आणि कच्चा माल पुरवणाऱ्या व्यापाऱ्याला विचारले तर त्यालाही ती ठाऊक नसते.

हा तक्ता युरोपीय संघाने २०२३ मध्ये केलेल्या एका कायद्यामुळे आला आहे. त्या कायद्याचे अधिकृत नाव ‘कार्बन बॉर्डर अ‍ॅडजस्टमेंट मेकॅनिझम’ असे असून उद्योगजगतात त्याला ‘सीबॅम’ म्हणतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून २०२५ अखेरपर्यंत आयातदारांनी केवळ माहिती द्यायची होती. १ जानेवारी २०२६ पासून मात्र पैशांचा हिशेब सुरू झाला आहे. लोखंड व पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खते, हायड्रोजन आणि वीज एवढ्या गोष्टी सध्या त्याच्या कक्षेत येतात. वर्तमानपत्रांत त्याचा उल्लेख ‘कार्बन कर’ असा होतो. वीजबिलात जसा ‘स्थिर आकार’ असतो, तसा हा मालावर लागणारा ‘कार्बन आकार’ आहे असे म्हटले, तर तो समजायला अधिक सोपा जातो.

धुराला किंमत कशी लागली

युरोपीय संघाने २००५ पासून आपल्या मोठ्या कारखान्यांसाठी आणि वीज प्रकल्पांसाठी उत्सर्जनाची एकूण मर्यादा ठरवून दिली आहे. त्या मर्यादेइतकेच परवाने बाजारात येतात आणि एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडायचा तर एक परवाना खर्ची घालावा लागतो. ज्याचा धूर कमी, त्याचे परवाने उरतात व तो ते विकू शकतो. ज्याचा जास्त, त्याला विकत घ्यावे लागतात. मर्यादा दरवर्षी खाली येते, त्यामुळे परवाना हळूहळू दुर्मीळ होत जातो. त्याचा भाव सतत हलत असतो आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तो काही काळ १०० युरोंच्या वर गेला होता.

यात एक अडचण पहिल्यापासून होती. जर्मनीतल्या पोलाद कारखान्याला धुराचे पैसे पडत असतील आणि बाहेरच्या देशातल्या कारखान्याला पडत नसतील, तर ग्राहक बाहेरचाच माल घेणार आणि युरोपातले कारखाने बाहेर जाणार. धूर मात्र कमी होणार नाही, केवळ त्याचा पत्ता बदलेल. याला ‘कार्बन गळती’ असे नाव आहे. ती रोखण्यासाठी युरोपने आपल्या पोलाद आणि सिमेंट कारखान्यांना बरेचसे परवाने फुकट दिले, पण फुकट मिळालेल्या परवान्यामुळे धूर कमी करण्याची निकड राहत नाही. म्हणून आता फुकट परवाने टप्प्याटप्प्याने बंद करायचे आणि त्याच वेगाने बाहेरून येणाऱ्या मालावरही तेवढाच आकार लावायचा, असे ठरले. ही घट २०२६ मध्ये अडीच टक्के, २०३० मध्ये साडेअठ्ठेचाळीस टक्के आणि २०३४ मध्ये पूर्ण शंभर टक्के, अशी कायद्यातच लिहिलेली आहे.

दुधाची फॅट आणि पोलादाचा धूर

पश्चिम महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावच्या दूध संस्थेत सकाळी थोडा वेळ उभे राहिले, तर या व्यवस्थेचे तत्त्व सहज कळते. दोन उत्पादकांचे दूध कॅनमध्ये सारखेच दिसते, पण नमुना यंत्रात घातला की एकाची फॅट जास्त भरते, दुसऱ्याची कमी, आणि लिटरचा दर त्यावर ठरतो. सीबॅमही टनभर पोलादाकडे असेच पाहतो. पूर्वीच्या जकात नाक्यावर मालाचे वजन किंवा किंमत पाहून पैसे घेतले जात. येथे मालाचा जन्म कसा झाला ते पाहिले जाते.

मात्र दूध आणि पोलाद यांच्यात एक मोठा फरक आहे आणि या संपूर्ण विषयाची किल्ली त्या फरकात आहे. दुधाची फॅट दुधातच असते, त्यामुळे विकणाऱ्याने काहीही सांगितले तरी यंत्र खरे ते दाखवते. पोलाद तयार होताना निघालेला धूर पोलादात राहत नाही. हॅम्बर्गच्या बंदरात उतरलेला बोल्ट कोणत्याही प्रयोगशाळेत नेला, तरी तो कोणत्या भट्टीतून आला आणि त्यासाठी किती कोळसा जळला, हे त्या बोल्टवरून कळत नाही. ते केवळ नोंदींवरून कळते, आणि त्या नोंदी हजारो किलोमीटर दूरच्या, वेगळ्या कायद्याखालच्या, वेगळ्या भाषेत कारभार करणाऱ्या कारखान्यात असतात. विकणाऱ्याने प्रामाणिकपणे लिहिले, मान्यताप्राप्त तपासनीसाने ते पडताळले आणि घेणाऱ्याने त्यावर विश्वास ठेवला, तरच ही व्यवस्था चालते.

नोंदी नसतील, तर युरोपने स्वतः ठरवलेला आकडा लागू होतो. तो त्या देशातील उत्पादनाची सरासरी धरून आणि वर काही भर घालून काढलेला असल्यामुळे चांगली भट्टी चालवणाऱ्याचेच त्यात सर्वाधिक नुकसान होते. आपल्या गायीचे दूध कितीही दाट असले, तरी नमुनाच दिला नाही तर पातळ दुधाचाच दर मिळणार.

बिल कोणाचे आणि किती

कायद्याप्रमाणे पैसे भरण्याची जबाबदारी युरोपातील आयातदाराची आहे. भारतीय कारखान्याला थेट कोणतेही बिल येत नाही. परंतु आयातदार हा खर्च स्वतःच्या खिशात ठेवील, असे मानणे भाबडेपणाचे होईल. तो दर पाडून मागेल किंवा कमी धुराचा पुरवठादार शोधील.

रकमेचा अंदाज येण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊन एक हिशेब मांडून पाहू. समजा, एका कारखान्यात टनभर पोलादामागे अडीच टन कार्बन डायऑक्साइड निघतो, युरोपने त्या मालासाठी ठरवलेला मापदंड १.४ टनांचा आहे आणि परवान्याचा भाव ७५ युरो आहे. २०२६ मध्ये युरोपातल्या कारखान्याला या मापदंडाच्या साडेसत्त्याण्णव टक्के, म्हणजे १.३६५ टनांचे परवाने अजून फुकट मिळतात, म्हणून आयात मालालाही तेवढी सूट मिळते. उरलेल्या १.१३५ टनांवर आकार लागतो आणि तो ८५ युरोंच्या आसपास भरतो. एक युरो ढोबळमानाने १०० रुपयांचा धरला, तर टनामागे साडेआठ हजार रुपये झाले. ज्या कारखान्याचा धूर १.६ टन आहे, त्याच्या मालावर त्याच वर्षी १८ युरोसुद्धा लागत नाहीत. २०३४ मध्ये सूट संपल्यावर, भाव तोच राहिला असे मानले तरी, पहिल्याला सुमारे १८८ युरो आणि दुसऱ्याला १२० युरो लागतील.

‘यंदा फक्त अडीच टक्केच आकार आहे, खरी झळ नंतर बसेल’ असे अनेक ठिकाणी बोलले जाते, म्हणून हा हिशेब मुद्दाम मांडला. अडीच टक्क्यांची घट मापदंडाला लागू आहे. मापदंडाच्या वर जितका धूर असेल, तितक्याचे पैसे पहिल्या वर्षापासून पूर्ण लागतात. मागे असलेल्या कारखान्याला सवड मिळालेली नाही.

एकाच टनामागे इतका फरक कसा पडतो

खाणीतून निघालेले लोहखनिज म्हणजे लोखंड आणि ऑक्सिजन यांचे घट्ट बांधलेले संयुग असते. झोतभट्टीत कोळशापासून बनवलेला कोक या ऑक्सिजनला ओढून घेतो, लोखंड मोकळे होते आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे येथे कोळसा उष्णता तर देतोच, पण रासायनिक कामही तोच करतो, आणि म्हणून केवळ सौरऊर्जा बसवून हा प्रश्न सुटत नाही. भंगार वितळवून पोलाद करायचे असेल, तर हे रासायनिक काम आधीच झालेले असते. लागते ती वीज, आणि धूर कित्येक पटींनी कमी होतो.

जगात टनभर पोलादामागे सरासरी दोन टनांच्या जवळपास कार्बन डायऑक्साइड निघतो. भारतात हा आकडा सुमारे अडीच टन आहे. आपल्याकडे भंगाराचा तुटवडा आहे, वीज मुख्यतः कोळशाची आहे आणि स्पंज आयर्न (न वितळवता खनिजातला ऑक्सिजन काढून मिळवलेले लोखंड) तयार करण्यात भारत जगात पहिला असला, तरी ते बहुतांशी कोळशावर तयार होते.

कोल्हापूरच्या फौंड्रीवाल्यांनी येथे एक बारकावा ध्यानात घेण्यासारखा आहे. सध्याच्या नियमांत पोलादासाठी बाहेरून घेतलेल्या विजेमागचा धूर आकारात धरलेला नाही. सिमेंट आणि खतांसाठी तो धरला जातो. त्यामुळे विजेवरच्या इंडक्शन भट्टीत भंगार वितळवणाऱ्याचा आकडा कमी येतो आणि कोकवर क्युपोला ही उभी भट्टी चालवणाऱ्याचा जास्त. मात्र भंगाराबरोबर चार्जमध्ये, म्हणजे भट्टीत घालायच्या मालात, पिग आयर्न (झोतभट्टीतले कच्चे लोखंड) किंवा स्पंज आयर्न घातले, की ते जिथे तयार झाले तिथला सगळा धूर आपल्या खात्यात येतो. म्हणून चार्जमध्ये कशाचे किती वजन पडले, ही आजवर फक्त धातूच्या गुणधर्मासाठी ठेवलेली नोंद आता निर्यातीच्या दरासाठीही लागणार आहे.

‘हा तर पर्यावरणाच्या नावाने लावलेला आयातकर आहे’

हा आक्षेप भारताने जागतिक व्यापार संघटनेत आणि हवामान परिषदांत वारंवार मांडला आहे आणि त्यात तथ्य आहे. १९९२ च्या हवामान करारात सर्व देशांनी एक तत्त्व मान्य केले होते : जबाबदारी सर्वांची, परंतु प्रत्येकाच्या इतिहासाप्रमाणे आणि ऐपतीप्रमाणे वेगवेगळी. दीड-दोनशे वर्षे कोळसा जाळून युरोप संपन्न झाला. आजही भारतातील माणसामागे वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड निघतो, तर युरोपीय संघात पाच ते सहा टन. अशा स्थितीत दोघांच्या पोलादाला एकाच मापाने मोजणे, हे त्या तत्त्वाला धरून नाही.

मला स्वतःला याहून अधिक खटकणारी बाब पैशांची आहे. सीमेवर जमणारी रक्कम युरोपच्या तिजोरीत जाते. ती विकसनशील देशांतील कारखान्यांना भट्ट्या बदलण्यासाठी परत मिळेल, अशी ठोस हमी कायद्यात नाही. हवेचे रक्षण हाच हेतू असेल, तर जिथे धूर कमी करायचा आहे तिथेच पैसा जायला हवा होता, आणि भारताने ही मागणी सोडू नये असे मला मनापासून वाटते.

तरीही ‘अन्याय आहे’ एवढे म्हणून थांबता येणार नाही. कार्बन आकार युरोपातल्या कारखान्यालाही लागत आहे, त्यामुळे हा निव्वळ परक्यांवरचा कर आहे असे म्हणता येत नाही. ब्रिटन १ जानेवारी २०२७ पासून अशीच व्यवस्था आणत आहे. चीनने मार्च २०२५ मध्ये आपल्या देशांतर्गत परवाना बाजारात पोलाद, सिमेंट आणि अ‍ॅल्युमिनियम यांचा समावेश केला आहे. त्यामुळे ‘युरोपला माल विकणेच सोडून देऊ’ हा मार्गही फार दूर नेणारा नाही.

पैसे द्यायचेच असतील, तर ते कोणत्या तिजोरीत

कायद्यात एक तरतूद अशी आहे की मालावर त्याच्या मूळ देशातच कार्बनची किंमत प्रत्यक्ष भरली गेली असेल, तर तेवढी रक्कम युरोपच्या आकारातून वजा होते. म्हणजे भारतातच धुराला किंमत लागली, तर तो पैसा भारतात राहू शकतो आणि इथल्या भट्ट्या सुधारण्यासाठी वापरता येतो.

त्या दिशेने पावले पडली आहेत. २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली, जून २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अ‍ॅल्युमिनियम व सिमेंटसह चार उद्योगांसाठी उत्सर्जनाची उद्दिष्टे जाहीर झाली. पोलाद त्या पहिल्या चारांत नव्हते. मात्र पोलाद मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाची व्याख्या निश्चित केली आहे : टनामागे २.२ टनांपेक्षा कमी धूर असेल तर पोलाद हरित, आणि १.६ टनांपेक्षा कमी असेल तर पंचतारांकित.

आपल्या योजनेत एकूण धुरावर नव्हे, तर उद्दिष्टाच्या वर जाणाऱ्या भागावरच भार पडतो. त्यामुळे किती रक्कम ‘भरली’ असे युरोप मान्य करील, हा पुढील वाटाघाटींतला कळीचा मुद्दा राहणार आहे.

‘जग इतके अस्थिर असताना आत्ताच का?’

हा प्रश्न कारखानदार कळकळीने विचारतात आणि तो रास्त आहे. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि मुंबईहून युरोपला जाणारा माल आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागला. अमेरिकेने मार्च २०२५ मध्ये पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियमवर २५ टक्के आयातशुल्क लावले आणि जूनमध्ये ते ५० टक्क्यांवर नेले. ज्याला पुढच्या तिमाहीतला दर सांगता येत नाही, त्याने दहा वर्षे चालणारी भट्टी कशाच्या भरवशावर घ्यायची?

युरोपातही हीच चिंता आहे. स्वीडनमध्ये पोलाद उत्पादक एसएसएबी, खाण कंपनी एलकेएबी आणि वीज कंपनी व्हॅटनफॉल यांनी २०१६ मध्ये एकत्र येऊन कोळशाऐवजी हायड्रोजन वापरण्याचा ‘हायब्रिट’ प्रकल्प सुरू केला. त्यात लोहखनिजातला ऑक्सिजन हायड्रोजन ओढून घेतो आणि धुराऐवजी पाण्याची वाफ निघते. ऑगस्ट २०२१ मध्ये या पद्धतीचे पहिले पोलाद व्होल्व्हो कंपनीला मिळाले. याउलट आर्सेलर मित्तल या कंपनीने जर्मनीतील दोन कारखान्यांत तशीच भट्टी उभारण्याची योजना सरकारी अनुदान मंजूर असतानाही जून २०२५ मध्ये सोडून दिली, कारण तिथली ऊर्जा परवडत नव्हती. तंत्र सिद्ध होणे आणि ते परवडणे यांत अनेक वर्षांचे अंतर असू शकते.

पण अस्थिरतेतही सगळ्याच गोष्टी सारख्या अनिश्चित नसतात. आयातशुल्क एका सहीने बदलते, जहाजाचा मार्ग एका हल्ल्याने बदलतो. कार्बन आकाराचे वेळापत्रक मात्र २०३४ पर्यंत वर्षवार छापलेले आहे. त्यात सवलती येतील, तारखा थोड्या मागेपुढे होतील, आजवर तसे झालेही आहे. तरी पुढच्या दशकाचा जो काही अंदाज बांधता येतो, त्यात हा त्यातल्या त्यात भरवशाचा आकडा आहे. शिवाय वितळवण्यातली गळती थांबवणे, भट्टीची उष्णता वाया न घालवणे आणि भंगार निवडून घेणे ही धूर कमी करणारी कामे खर्चही कमी करतात, त्यामुळे युरोपचा कायदा उद्या रद्द झाला तरी ती वाया जाणार नाहीत.

सहकार्य म्हणजे नेमके काय

सरकारी पातळीवरचे सहकार्य चालू आहे. भारत आणि स्वीडन यांनी सप्टेंबर २०१९ मध्ये अवजड उद्योगांच्या बदलासाठी ‘लीडआयटी’ हा देशांचा व कंपन्यांचा गट सुरू केला. भारताच्या हरित हायड्रोजन मोहिमेत पोलादातील प्रयोगांसाठी ४५५ कोटी रुपये ठेवले आहेत. वेल्समधील पोर्ट टॅलबॉट येथे टाटा स्टीलने ३० सप्टेंबर २०२४ रोजी शेवटची झोतभट्टी बंद केली आणि तिथे भंगारावर चालणारी विजेची भट्टी उभी राहत आहे. १२५ कोटी पौंडांच्या या खर्चातले ५० कोटी पौंड ब्रिटिश सरकार देत आहे. या बदलात दोन हजारांहून अधिक नोकऱ्या गेल्या. हरित तंत्राची किंमत त्या गावातल्या कुटुंबांनीही मोजली आहे, आणि असा बदल आपल्याकडे येईल तेव्हा कामगारांचा विचार शेवटी करून चालणार नाही.

मला मात्र कोल्हापूरजवळच्या शिरोलीचा पुरवठादार आणि जर्मनीतल्या स्टुटगार्टचा ग्राहक यांच्यातले सहकार्य अधिक महत्त्वाचे वाटते, कारण धुराचा आकडा तिथेच जन्माला येतो. पुरवठादाराला भीती वाटते की भट्टीचा सगळा तपशील दिला, तर आपला खर्च आणि नफा ग्राहकाला उघड दिसेल. ही भीती खोटी नाही. तिच्यासाठी परदेशी कारखान्याला स्वतः नोंदणी करून आपली माहिती थेट युरोपच्या नोंदवहीत भरण्याची सोय आहे, म्हणजे ग्राहकाला अंतिम आकडा तेवढा कळतो. ग्राहकाची बाजूही तितकीच सांगितली पाहिजे : जो केवळ तक्ता पाठवतो, पण पडताळणीचा खर्च वाटून घेत नाही, भट्टी बदलण्याइतका लांब मुदतीचा करार करत नाही आणि कमी धुराच्या मालाला चार पैसे जास्त देत नाही, त्याने सहकार्य केले असे म्हणता येणार नाही. पुरवठादारांनी हे तीनही मुद्दे कराराच्या बोलण्यांत मांडायला हवेत आणि एकट्याने न मांडता आपल्या औद्योगिक संघटनेमार्फत मांडले, तर ते ऐकले जाण्याची शक्यता वाढते.

‘माझा कारखाना लहान आहे, माझा माल यादीत नाही’

वर्षाला ५० टनांपर्यंतचा माल आणणाऱ्या आयातदाराला २०२५ च्या दुरुस्तीने सूट दिली आहे. मात्र ही मर्यादा आयातदाराच्या एकूण आयातीची आहे, तुमच्या निर्यातीची नाही. तुम्ही दहा टनच पाठवत असाल, पण तुमचा ग्राहक दहा ठिकाणांहून मिळून हजार टन आणत असेल, तर तुमचे दहा टनही हिशेबात येतात.

यादीचेही तसेच आहे. नट-बोल्ट, पाइप आणि त्यांचे फिटिंग, पोलादी सांगाडे यांचा त्यात आजच समावेश आहे. इंजिनांचे आणि वाहनांचे ओतीव भाग बहुतांशी बाहेर आहेत. परंतु डिसेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने पोलाद-अ‍ॅल्युमिनियमचा मोठा वाटा असलेल्या आणखी सुमारे १८० वस्तू २०२८ पासून यादीत घेण्याचा प्रस्ताव मांडला असून त्यात यंत्रे आणि वाहनांचे काही भाग आहेत.

कार्बन आकार आयातदाराने प्रमाणपत्रे विकत घेऊन भरायचा असतो. २०२६ मध्ये युरोपात उतरलेल्या मालाची ही प्रमाणपत्रे फेब्रुवारी २०२७ पासून विकली जाणार आहेत आणि आयातदाराने विवरणपत्र ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत द्यायचे आहे. त्या वेळी ग्राहक मागेल ती माहिती मागल्या वर्षीच्या हीटची, म्हणजे भट्टीतल्या एकेका वितळवणीची, असेल, आणि ती आठवणीतून काढता येणार नाही. नोंदवहीला आजच सुरुवात करायची, तर पहिल्या पानावर चार रकाने पुरतात : चार्जमध्ये पडलेल्या प्रत्येक मालाचे वजन, तो माल ज्या कारखान्यात तयार झाला त्याचे नाव, त्या दिवशी जळलेले इंधन आणि भट्टीतून निघालेल्या धातूचे वजन.